जुन्या रेल्वे स्थानकाचे वारसा केंद्र करताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये गाड्या बंद झाल्यावर ओस पडलेली व्हिक्टोरियाकालीन स्थानके गावकरी एकत्र येऊन वाचवतात, तेव्हा उत्साहाच्या भरात केलेली दुरुस्तीच पुष्कळदा इमारतीच्या मुळावर येते. त्यात पहिला मान सिमेंटचा. चुन्यात बांधलेली दगडी भिंत ओलावा शोषते आणि सांध्यांतून तो बाहेर सोडते. या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या की पाणी दगडातूनच वाट काढते, थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. वाड्याला सिमेंटचा गिलावा करून पस्तावलेल्यांना हे नवे नाही. म्हणून भिंतीला लोणा लागलेला दिसताच रसायने टोचणाऱ्या कंत्राटदाराला बोलावू नये. आधी पन्हळी तुंबल्या आहेत का, बाहेरची जमीन भरावामुळे आतल्या फरशीपेक्षा उंच झाली आहे का, हे पाहावे आणि मगच सिमेंट हलक्या हाताने काढून चुन्याने दर्जा भराव्यात. हे काम कडाक्याच्या थंडीत काढू नये, कारण ओला चुना गोठला की वाया जातो.

फलाटावरच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) खांबांचा घोटाळा सहसा उशिरा कळतो. यांतील अनेक खांब आतून पोकळ असून छपराचे पाणी त्यांतूनच खाली जाते. तळाशी गंजाचे ओघळ किंवा उभी चीर दिसली, तर निचरा तुंबून आत पाणी गोठले असावे असा संशय घ्यावा. अशा चिरेवर रंग फासणे हा निव्वळ दिखावा होय, आणि बीड ठिसूळ असल्याने साध्या वेल्डिंगने ते आणखी तडकू शकते. निचरा मोकळा करून चीर धातूच्या टाक्यांनी सांधणारा जाणकार कारागीरच शोधावा. वाळूच्या फवाऱ्याने सफाई तर नकोच. त्याने दगडाचा टणक पृष्ठभाग जातो आणि जुन्या रंगातील शिसे धुळीत मिसळते.

संरक्षित इमारतीचे स्वरूप बदलणारे काम परवानगीविना करणे हा तिथे फौजदारी गुन्हा आहे.

सर्वांत महागडी चूक मात्र कागदावर होते : आधी डागडुजी, वापर नंतर ठरवू. यॉर्कशायरमधील रिचमंडचे 1846 चे स्थानक 1969 मध्ये बंद झाले आणि 2007 मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडले, ते चित्रपटगृह, कलादालन, उपाहारगृह आणि खाद्यपदार्थांच्या छोट्या उत्पादकांसह. नुसते संग्रहालय केले असते, तर छपराच्या पुढच्या दुरुस्तीसाठी दरवेळी देणगीदारांच्या तोंडाकडे पाहावे लागले असते. भाडेकरू आधी ठरले, तर वीज, धूर आणि सांडपाण्याच्या वाटाही जुनी भिंत नंतर पुन्हा न फोडता आखता येतात.