दाढ काढण्याआधी: फॅमिली डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर यांची गाठ कशी घालून द्याल

बाबांची दाढ काढायची ठरली तेव्हा शेजारच्या काकांनी सांगितलं, "रक्त पातळ करायची गोळी चार दिवस बंद ठेवा, नाहीतर रक्त थांबत नाही." बाबांनी ऐकलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवून जेमतेम आठ महिने झाले होते. खुर्चीत बसल्यावर दातांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" उत्तर ऐकून त्यांनी हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं, तिथूनच आमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन लावला. दाढ त्या दिवशी निघाली नाही. गोळी मात्र त्याच रात्री पुन्हा सुरू झाली.

आपल्याकडे फाइल घरच्या कपाटात असते, दवाखान्यांना एकमेकांचं काही कळत नाही. निरोप पोचवायचं काम घरच्यांनाच करावं लागतं.

सुरुवात गोळ्यांपासून करा. मेडिकलमधून पाच-सहा गोळ्या कापून आणल्या की स्ट्रिपवर नाव राहत नाही, आणि "ती पांढरी, छोटी" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. म्हणून नाव, मात्रा, वेळ कागदावर लिहा. हाडं ठिसूळ झाल्यामुळे सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन हमखास विसरलं जातं. तेही लिहा, कारण त्यानंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि तंबाखू-मशेरी चालू आहे का, हेही संकोच न करता लिहा.

मग दातांच्या डॉक्टरांकडून नेमकं काय करणार ते चिठ्ठीवर घ्या. दात साफ करणं वेगळं, तीन दाढा एकदम काढणं वेगळं. ती चिठ्ठी फॅमिली डॉक्टरांना दाखवून एवढंच विचारा: "वय 68, मधुमेह, स्टेंट. उजवीकडची खालची एक दाढ काढायची आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवायची ना? कोणती तपासणी हवी? दुखण्यावर कोणतं औषध चालेल?" उत्तर त्याच कागदावर सहीनिशी घ्या.

गोळीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण घोळ इथेच होतो. इकोस्प्रिनसारखी गोळी एक-दोन दात काढण्यासाठी सहसा बंद करत नाहीत. कापसाचा बोळा दाबून, गरज पडल्यास टाका घालून रक्त थांबवता येतं. याउलट गोळी थांबली आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेततं. ॲसिट्रोम किंवा वॉरफेरिन या रक्त पातळ करायच्या दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी एक ते तीन दिवस आधी करतात. निर्णय डॉक्टरांचाच, शेजाऱ्यांचा नाही, आपलाही नाही.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट सोबत न्या. शक्यतो सकाळची वेळ घ्या, नेहमीचा नाश्ता करून, मधुमेहाची नेहमीची गोळी खाऊन जा. उपाशीपोटी जाल तर खुर्चीतच साखर उतरायची. हृदयाची झडप बदललेली असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं, हे दातांच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

काम झाल्यावर परतीचा निरोपही द्या. लिहून दिलेली औषधं फॅमिली डॉक्टरांना दाखवा: मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना बऱ्याच पेनकिलर चालत नाहीत, आणि दातांसाठी दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकमुळे ॲसिट्रोमचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

कधी निरोप उलट दिशेनेही जायला हवा. साखर काही केल्या आटोक्यात येत नसेल तर हिरड्या तपासून घ्या. हिरड्यांतला जंतुसंसर्ग साखर चढवतो आणि चढलेली साखर हिरड्या आणखी बिघडवते. बीपीच्या ॲम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या सुजतात, तेव्हा ही सूज दातांच्या डॉक्टरांनी कळवली तर फॅमिली डॉक्टर गोळी बदलू शकतात. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दोघांपैकी कुणालाही, पण लगेच दाखवा.

आणि जिना चढताना जबडा दुखतो, थांबलं की बरं वाटतं, असं घरातलं कुणी म्हणालं तर दातांची अपॉइंटमेंट घेत बसू नका. हे दुखणं हृदयाचं असू शकतं, त्यांना आधी फॅमिली डॉक्टरांकडे न्या, ईसीजी काढायला. आणि बसल्या जागीही दुखणं थांबत नसेल किंवा घाम फुटला असेल तर थेट हॉस्पिटलात.