बाइकचं ऑइल ४०० किलोमीटरमध्येच काळं पडत होतं: माझा अनुभव

१०० सीसीची पेट्रोल बाइक, १२ वर्षं जुनी. नवं ऑइल टाकलं की ४०० किलोमीटरमध्ये डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या कांडीवर) डांबरासारखं काळं. धूर नाही, ऑइल कमीही होत नव्हतं.

दोनदा ऑइलचा ब्रँड बदलला, एअर फिल्टर नवा टाकला. फरक शून्य. अक्षरशः वैताग आला होता.

दोष जुन्या गाळात होता. माझ्या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही. क्लच कव्हरच्या आत सेंट्रिफ्युगल फिल्टर (फिरण्याच्या जोराने ऑइलमधला गाळ कडेला फेकून धरून ठेवणारा) आणि खाली एक जाळी आहे. ऑइल बदलताना हे कव्हर कुणी उघडतच नव्हतं.

आधी इंजिन ५ मिनिटं चालू ठेवलं, कारण गरम ऑइल गाळ सोबत घेऊन उतरतं. मेन स्टँडवर ड्रेन नट काढून अर्धा तास निथळू दिलं. मग किक आणि उजवीकडचं हे क्लच कव्हर काढलं, फिल्टरच्या झाकणाचे स्क्रू सोडले. आत ग्रीससारखा घट्ट, काळा थर. नखाने खरवडला तर वडीसारखा सुटला. फिल्टर, जाळी डिझेलने धुऊन पूर्ण कोरडी केली. पॅकिंग नवंच टाकलं, जुनं पुन्हा वापरलं तर गळतं.

१०डब्ल्यू-३० ग्रेडचं (ऑइलच्या पातळ-घट्टपणाचा आकडा) ऑइल भरून २०० किलोमीटर सावकाश चालवलं आणि तेही गरम असताना काढून टाकलं. इंजिनात डिझेल ओतून ते चालू करू नका, बेअरिंगला वंगण मिळत नाही.

मग पुन्हा नवं ऑइल भरलं; आता १,५०० किलोमीटरला ते तपकिरी आहे. थोडं काळवंडणारच, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.