चिनी पासपोर्टवर युरोप: शेंगेन व्हिसाची फाइल कशी बांधावी

भारतीय पासपोर्टच्या शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट) फाइली वर्षानुवर्षं बांधलेला माणूसही चिनी पासपोर्टची फाइल हातात आली की अडखळतो. आयटीआर आणि फॉर्म १६ची जागा तिथे हुकोउ (कुटुंबाची नोंदणीपुस्तिका), बँकेचा उतारा आणि कंपनीचा लाल शिक्का घेतात. घरात एक पासपोर्ट भारतीय आणि एक चिनी असलेली जोडपी, चीनमध्ये नोकरीला असलेली आपली माणसं आणि चिनी पाहुण्यांचं काम करणारे टूरवाले, सगळ्यांना उपयोगी पडावं म्हणून हे लिहिलं आहे. अर्ज चीनमधून आणि सहल युरोपची, असं धरून चला. पैसा थोडा कमी असला तरी फाइल तग धरते. एक कागद एक सांगतो आणि दुसरा दुसरंच, असं झालं की मात्र ती पडते.

सुरुवात नावापासून

चिनी पासपोर्टवर नाव पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत असतं आणि आडनाव आधी येतं. खरी मेख ‘ल्यू’सारख्या आडनावांत आहे. त्यातला स्वर पिनयिनमध्ये यू अक्षरावर दोन टिंबं देऊन लिहितात. पासपोर्टवर टिंबं चालत नाहीत, म्हणून तिथे एल-वाय-यू असं छापतात. पण चिनी कीबोर्डवर हा स्वर उमटवायला व्हीचं बटण दाबतात, त्यामुळे सवयीने बोटं एल-व्ही टाइप करतात. तिकिटावर एल-व्ही, पासपोर्टवर एल-वाय-यू, विम्यावर नुसतं एल-यू, अशा फाइलमध्ये एकाच बाईची तीन नावं होतात. उपाय सोपा आहे: पासपोर्टच्या फोटो पानावर तळाशी दोन यांत्रिक ओळी असतात, तिथलं स्पेलिंग बघून फॉर्म, तिकीट, हॉटेल आणि विमा भरा. विमान कंपनीच्या जुन्या प्रोफाइलमधून नाव आपोआप येऊ देऊ नका.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू हवा आणि त्यात २ कोरी पानं हवीत. चीनमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, त्यामुळे आईबापांचा नीट असला तरी मुलाचा संपत आलेला असू शकतो. सहीच्या जागी पासपोर्टधारकाची सही आहे ना, तेही बघा.

अर्ज कोणत्या देशाकडे

शेंगेनमध्ये २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. ब्रिटन, आयर्लंड आणि सायप्रस त्यात नाहीत. नियम असा: जिथे सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज. दिवस समान असतील तर जिथून आत शिरणार त्याच्याकडे. इटली ४ रात्री, फ्रान्स ३, स्वित्झर्लंड २, तर अर्ज इटलीचा, विमान पॅरिसला उतरत असलं तरीही.

अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करायचा आणि व्हिसा हातात आल्यावर बुकिंग फिरवायचं, हा सल्ला चीनमध्ये सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. दूतावासाला कळलं तर दिलेला व्हिसा रद्द होऊ शकतो, सीमेवर प्रवेश नाकारला जाऊ शकतो, आणि त्याची नोंद पुढच्या अर्जाच्या वेळी समोर येते.

मधेच लंडनला जाऊन परत पॅरिसला यायचं असेल, तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतोच, शिवाय शेंगेनचाही एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. एका प्रवेशाच्या व्हिसावर लंडनची ट्रेन पकडली की शेंगेनचं दार मागे बंद झालं.

कागद बहुतेक वेळा दूतावासात नव्हे, त्याने नेमलेल्या व्हिसा केंद्रात द्यायचे असतात. (अशी केंद्रं जगभर चालवणारी व्हीएफएस ग्लोबल २००१ साली आपल्या मुंबईत सुरू झाली.) केंद्र कागद गोळा करतं आणि बोटांचे ठसे घेतं. निर्णय दूतावासाचा. ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

तारखांची उलटी मोजणी

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस आधीपर्यंत करावाच लागतो. निर्णयाची साधारण मुदत १५ दिवस, पण ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत निघायचं असेल, तर खिडकी १ एप्रिलला उघडते. १० ऑगस्टपर्यंत कागद दिले, तर ४५ दिवस पुरे लागले तरी २४ सप्टेंबर उजाडतो. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांच्या सुट्टीची गर्दी असते, म्हणून मे-जूनमध्येच अपॉइंटमेंट धरलेली बरी. वसंतोत्सवाच्या (चिनी नववर्षाच्या) सुट्टीसाठीही हाच हिशेब लावा. तो चांद्र पंचांगाने येतो, तेव्हा तारीख दर वर्षी नव्याने बघावी लागते.

या काळात पासपोर्ट सहसा केंद्राकडे अडकतो. थायलंड आणि सिंगापूर २०२४ पासून चिनी पासपोर्टला व्हिसामुक्त आहेत म्हणून मधे चार दिवस बँकॉकला जाऊन येऊ, असा बेत असेल तर तो अर्जाआधी उरका. त्याचा फायदाही होतो. ज्यावर एकही शिक्का नाही अशा पासपोर्टला तिथे ‘बाइबेन’, म्हणजे कोरी वही म्हणतात. कोरी वही म्हणून अर्ज फेटाळला जातो असं नाही, पण जाऊन वेळेत परत आल्याचे दोन-तीन शिक्के असले की अधिकाऱ्याला हाताशी काहीतरी मिळतं.

सरकारी नोकर, अनेक सरकारी कंपन्यांचे कर्मचारी आणि शिक्षक यांचे पासपोर्ट कार्यालयाच्या कपाटात असतात. परवानगी मिळून ते हातात येईपर्यंत काही आठवडे जातात, हे वेळापत्रकात आधीच धरा.

फाइलचा गाभा: तीन कागद

पहिला हुकोउ. मूळ प्रत आणि नोंद असलेल्या सगळ्या पानांच्या प्रती द्या, फक्त स्वतःच्या पानाची नको. लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी हुकोउवर ‘अविवाहित’ आणि जुन्याच नोकरीचं नाव राहतं. वैवाहिक स्थितीची नोंद पोलीस ठाण्यात जाऊन बदलून घ्या, किंवा निदान विवाह प्रमाणपत्र जोडा. ज्यांचा हुकोउ कंपनीच्या किंवा विद्यापीठाच्या सामूहिक पुस्तिकेत आहे, त्यांनी स्वतःचं पान आणि पुस्तिकेचं पहिलं पान संस्थेकडून शिक्का मारून आणावं. हा कागद ऐन वेळी मिळत नाही.

दुसरा, नोकरीचं पत्र. कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत. त्यात पासपोर्ट नंबर, पद, रुजू झाल्याची तारीख, मासिक पगार, रजेच्या नेमक्या तारखा, परतल्यावर नोकरी कायम राहील हे वाक्य, खर्च कोण करणार ते, आणि सही करणाऱ्याचं नाव, पद व फोन. नुसत्या सहीला तिथे वजन नाही. कंपनीचा गोल लाल शिक्का, ‘गोंगजांग’, पत्रावरही हवा आणि व्यवसाय परवान्याच्या प्रतीवरही. परवान्यावरचं कंपनीचं नाव, शिक्क्यातलं नाव आणि बँकेच्या उताऱ्यात पगार भरणाऱ्याचं नाव जुळतं का, ते ओळीने तपासा. पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीकडून येत असेल, तर दोन ओळींचा खुलासा जोडा. दूतावासातून फोन येऊ शकतो, म्हणून स्वागतकक्षात आणि एचआरमध्ये सांगून ठेवा. ‘असं कुणी इथे नाही’ हे एक उत्तर सगळ्या फाइलवर पाणी फिरवतं.

निवृत्तांनी पेन्शनचा पुरावा द्यावा, विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजचं पत्र.

तिसरा, बँकेचा उतारा, ‘लिउश्वेइ’. शब्दशः अर्थ वाहतं पाणी, आणि अधिकारी वाहणंच बघतो. मागचे ३ ते ६ महिने (नेमकं किती ते त्या देशाच्या यादीत बघा), बँकेच्या शिक्क्यासह. इथे चिनी अर्जदारांची एक खास अडचण येते. पगार सकाळी खात्यात पडतो आणि संध्याकाळपर्यंत अलीपे किंवा वीचॅट या पैसे भरण्याच्या मोबाइल ॲपमध्ये सरकतो, कारण रोजचा सगळा व्यवहार तिथेच चालतो. उताऱ्यात मग महिनाभर शंभर-दोनशे युआनच उरलेले दिसतात. अर्जाआधी तीन महिने पगार खात्यातच राहू द्या. अर्जाच्या आठवड्यात काकांकडून एक लाख युआन आणून भरणं हा त्यावरचा सर्वात वाईट उपाय, कारण अचानक आलेली मोठी रक्कम उधारीची दिसते. ठेवीचं प्रमाणपत्र जोडायला हरकत नाही, पण ते उताऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, ६ महिन्यांच्या आतला. शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली माफ. ते युआनमध्ये भरायचं असतं आणि केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमानाचं पक्कं, परत न होणारं तिकीट व्हिसाआधी काढू नका. आरक्षण पुरतं.

विम्यातली सहा तासांची चूक

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, आणि वैद्यकीय कारणाने मायदेशी आणण्याचा खर्च धरणारा. चिनी पॉलिसीवर मुदत बीजिंगच्या वेळेने लिहिलेली असते. परतीचं विमान ९ ऑक्टोबरला रात्री १० वाजता पॅरिसहून सुटणार असेल, तर तेव्हा बीजिंगमध्ये १० तारखेचे पहाटेचे ४ वाजलेले असतात. ९ तारखेला संपणारी पॉलिसी त्याआधीच सरली. शेवटी एक दिवस जास्त घ्या, खर्च किरकोळ येतो.

मुलं आणि आजी-आजोबा

उन्हाळ्यात आजी-आजोबा नातवंडांना घेऊन निघतात, आणि मुलाचं नाव बऱ्याचदा वेगळ्याच हुकोउवर असतं. मग जन्मदाखला, नात्याचं नोटरी केलेलं प्रमाणपत्र आणि सोबत नसलेल्या आईबापांची नोटरी केलेली संमती लागते. ७ नोव्हेंबर २०२३ पासून चीनमध्ये अपोस्टिल (एकाच सरकारी प्रमाणपत्रावर कागद परदेशात ग्राह्य धरण्याचा) करार लागू झाला आहे, त्यामुळे पूर्वीचा दुहेरी साक्षांकनाचा खटाटोप अपोस्टिल मानणाऱ्या देशांसाठी उरलेला नाही. तरीही नोटरी आणि त्यानंतर अपोस्टिल या दोन पायऱ्या आहेतच, म्हणून मुलांचे कागद सर्वांत आधी हाती घ्या.

ग्रुपने जाताना

युरोपीय संघाबरोबरच्या २००४च्या करारामुळे किमान ५ जणांच्या ग्रुपसाठी मान्यताप्राप्त एजन्सीमार्फत अर्ज करता येतो. एजन्सी अनामत मागते, आणि परतल्यावर बोर्डिंग पास व पासपोर्ट दाखवून ‘श्याओछियेन’, म्हणजे परतल्याची नोंद करावी लागते. बोर्डिंग पासचे तुकडे जपून ठेवा. अनामत कधी आणि कोणत्या अटीवर परत मिळणार, ते लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

पैसे, सीमा, नकार

चिनी नागरिकाला वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत परकीय चलन घेता येतं, पण परदेशात कार्डाने रोख काढण्याची मर्यादा सगळी कार्डं मिळून वर्षाला १,००,००० युआन आहे. युरोपात अलीपे मोठ्या दुकानांत चालतं, खेड्यातल्या बेकरीत नाही. हॉटेलची अनामत आणि गाडीचं भाडं यासाठी ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ कंपनीचं क्रेडिट कार्ड लागतंच. गाडी चालवायचा बेत असेल तर लक्षात घ्या, चीन आंतरराष्ट्रीय वाहन परवाना देत नाही. परवान्याचं नोटरी केलेलं भाषांतर त्या देशात चालतं का, हे आधी विचारा.

पासपोर्ट परत मिळाला की काउंटरसमोरच स्टिकर वाचा: नाव, तारखा, प्रवेशांची संख्या, राहण्याचे दिवस. शेंगेनचं इमिग्रेशन पहिल्या शेंगेन विमानतळावरच होतं, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी यंत्रात नोंद घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. तिथून पुढचं विमान असेल तर किमान तीन तास मधे ठेवा. हॉटेल, परतीचं तिकीट आणि विमा यांच्या प्रती हातातल्या बॅगेत असू द्या, सामानात टाकू नका.

नकार आलाच तर पत्रात कारणावर खूण केलेली असते. ती नीट वाचा. पुन्हा अर्ज करायला थांबण्याची सक्ती नाही, पण तीच फाइल तशीच परत दिली तर उत्तरही तेच येईल. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची सोय बंद केली, त्यामुळे तिथे नवा अर्ज किंवा कोर्ट एवढेच मार्ग उरतात.

परदेशात पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, मग चिनी दूतावास. चिनी परराष्ट्र मंत्रालयाची चोवीस तासांची हेल्पलाइन ८६-१०-१२३०८. निघण्याआधी हा नंबर आजीच्या फोनमध्येही टाकून ठेवा.