जुना नोकिया एन८०० वापरात कसा आणावा

नोकियाने २००५ साली ७७०, २००७ च्या आरंभी एन८०० आणि त्याच वर्षअखेरीस एन८१० हे टॅबलेट बाजारात आणले. तिन्हींत सिमकार्डाची सोय नाही. वाय-फाय किंवा ब्लूटूथने जोडलेला फोन हाच त्यांचा इंटरनेटचा मार्ग. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेल्या माएमो या कार्यप्रणालीमुळे ते आजही जपण्याजोगे आहेत, असे माझे ठाम मत आहे.

एन८०० हाती आल्यास सुरू करण्याची घाई न करता आधी मागचे झाकण काढून बॅटरी पाहावी. ती फुगलेली असेल तर चार्ज करू नये, टोचूही नये. गोव्याच्या पावसाळी दमटपणात बंद कपाटात राहिलेल्या उपकरणात बॅटरीला टेकणाऱ्या धातूच्या टोकांवर हिरवट थर चढलेला आढळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो हलकेच पुसून टोके पूर्ण वाळू द्यावीत. बदली बॅटरी बीपी-५एल मागावी. ती नोकियाच्या ई६१ फोनलाही चालत असल्याने म्हापसा-मडगावच्या जुन्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे विचारून पाहण्यास हरकत नाही. यूएसबीच्या तोंडातून हा टॅबलेट चार्ज होत नाही, त्याला नोकियाचा बारीक, २ मिलिमीटर पिनचा चार्जरच लागतो.

टॅबलेट सुरू झाल्यावर प्रथम तारीख दुरुस्त करावी आणि प्रणालीची आवृत्ती पाहावी. ओएस२००७ असेल तर ओएस२००८ घालणे हिताचे, कारण तिने प्रोसेसरचा वेग ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढतो. मात्र प्रणालीची प्रतिमा-फाइल (जी टॅबलेटवर चढवायची ती) एन८०० साठीचीच हवी, आणि ती चढवताना अंतर्गत स्मृती पुसली जात असल्याने हव्या त्या फाइली आधी मेमरी कार्डावर घेऊन कार्ड बाहेर काढून ठेवावे.

राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचे जाळे चालू असावे, कारण ५ गिगाहर्ट्झचे या टॅबलेटला दिसतच नाही. जोडणी होऊनही बहुतेक संकेतस्थळे उघडणार नाहीत; आजची सुरक्षित जोडणी त्या काळच्या ब्राउझरला पेलत नाही. म्हणून ब्राउझरशी झगडत न बसता एफबीरीडर हा ई-पुस्तके वाचण्याचा प्रोग्राम बसवावा आणि ई-पुस्तके संगणकावरून कार्डावर उतरवून घ्यावीत. ८०० बाय ४८० बिंदूंच्या त्या छोट्या पडद्यावर अक्षरे विलक्षण रेखीव उमटतात.