जुन्या बेसबॉल टीम्सचे युनिफॉर्म नक्की कसे होते, हे शोधायचं कसं

आधी एक टीम आणि एक वर्ष पकडा. नुसतं ‘जुने बेसबॉल युनिफॉर्म’ असं सर्च करत बसलात तर हाती काहीच लागणार नाही. इथे आपण सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज, साल १८६९ हे उदाहरण घेऊ, कारण सगळ्या प्लेयर्सना उघड उघड पगार देणारी ही पहिली टीम. कॅप्टन हॅरी राइट, मूळचा इंग्लंडातल्या शेफिल्डचा, क्रिकेटमध्ये मुरलेला माणूस. तोवर बहुतेक टीम्स फुल पँट घालून खेळायच्या, यांनी गुडघ्यापर्यंतची पँट आणि खाली लांब लाल मोजे घातले आणि टीमला नाव पण त्या मोज्यांवरूनच पडलं.

दुसरं काम म्हणजे पेपर वाचणं. हो, फोटोच्या आधी पेपर, कारण रंग फक्त तिथेच लिहिलेला सापडतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं जुन्या पेपरांचं आर्काइव्ह फुकट आहे, आणि न्यूयॉर्क क्लिपर हा त्या काळातला खेळांचा मोठा साप्ताहिक पेपर इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या डिजिटल संग्रहात मिळतो. सर्च करताना बेस आणि बॉल मध्ये स्पेस देऊन टाका, तेव्हा तसंच छापायचे. सोबत फ्लॅनेल, बेल्ट, कॅप, स्टॉकिंग्ज असे शब्द लावून बघा. पण जुनी छपाई पुसट असते, स्कॅनमध्ये अक्षरं चुकतात आणि सर्चला काही सापडत नाही, म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधीचे मार्च-एप्रिलचे अंक सरळ पान पान उलटून वाचा. कंटाळवाणं आहे पण नवीन युनिफॉर्मची बातमी यायची तर याच दिवसांत.

आता फोटो, आणि इथे खूप लोक फसतात. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मऐवजी काचेची प्लेट असायची, तिला निळा उजेडच काय तो नीट कळायचा, लाल जवळजवळ कळायचाच नाही. त्यामुळे निळा कपडा फोटोत फिकट येतो, अगदी पांढऱ्यासारखा, आणि लाल कपडा काळा दिसतो. सिनसिनाटीचे ते प्रसिद्ध मोजे फोटोत गडद काळपट दिसतात ते यामुळेच. आपल्या डोळ्यांना जे दिसतं त्यावरून ‘काळे मोजे, पांढरा शर्ट’ असं कधीच लिहू नका. फोटो टिनटाइप असेल, म्हणजे लोखंडी पत्र्यावर काढलेला, तर तो आरशासारखा उलटा असतो, छातीवरचं अक्षर आणि बटणांची बाजू उलटवून बघा. आणि हल्ली कोणीतरी रंगवलेले फोटो फिरतात ना, ते पुरावा म्हणून अजिबात धरू नका. फोटोतून घ्यायची ती कपड्याच्या शिलाईची माहिती: कॉलर कसली, छातीवर बटणांनी लावलेला वेगळा तुकडा आहे का, बेल्ट केवढा रुंद, कॅपचा आकार काय. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतला स्पाल्डिंग संग्रह यासाठी फार छान आहे.

सिगरेटच्या पाकिटातून मिळणारी, प्लेयर्सचे फोटो असलेली कार्डं पण बघा, गुडविन कंपनीची ओल्ड जज कार्डं १८८६ ते १८९० मधली. ती स्टुडिओत काढलेली, बॉल कधी कधी चक्क दोरीला टांगलेला दिसतो. पण प्लेयरने टीम बदलली की खालचं नाव बदलून जुनाच फोटो वापरायचे, त्यामुळे कार्डावर टीम एक आणि अंगातला शर्ट दुसऱ्याच टीमचा असं होतं.

१८८२ साल निवडलं असेल तर मात्र जपून. त्या वर्षी नॅशनल लीगने, म्हणजे या टीम्स जिच्यात खेळायच्या त्या स्पर्धेने, ठरवलं की टीम ओळखायची मोज्यांवरून, बॉस्टनचे लाल, डेट्रॉइटचे सोनेरी, वुस्टरचे ब्राउन, आणि शर्ट-कॅपचा रंग प्लेयरच्या पोझिशनप्रमाणे, म्हणजे मैदानातल्या जागेप्रमाणे. म्हणजे एकाच टीममधले सगळे वेगवेगळ्या रंगांत! प्लेयर्स वैतागले आणि सीझन संपायच्या आत ते बंद पडलं, त्यामुळे त्या वर्षीच्या बातमीची तारीख बघितल्याशिवाय काही ठरवू नका.

सापडलेली प्रत्येक गोष्ट वेगळी लिहा, कॅप, शर्ट, बेल्ट, पँट, मोजे, आणि प्रत्येकासमोर पेपरचं नाव, तारीख आणि रंग वाचलाय का फोटोवरून अंदाज केलाय ते. १९०० नंतरची टीम असेल तर एवढी मेहनत नको, कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमने, म्हणजे तिथल्या बेसबॉल म्युझियमने, वर्षवार युनिफॉर्मची चित्रं ऑनलाइन ठेवलीयत, तिथूनच सुरू करा.