इस्पितळातली पोरं सांभाळताना: नव्या हेड कंपाउंडरास, मुंबई, १८९७

बाबा रे, हजेरीपट रोज स्वतःच्या हाताने भर. सकाळी वॉर्डातला गडी आला नाही, तर लगेच दंड लावू नकोस. गेल्या सप्टेंबरपासून शहरात प्लेग आहे. घरी कोण आजारी आहे, ते आधी विचार. फेब्रुवारीत साथीचा कायदा झाल्यापासून, सरकारी माणसं उचलून नेतील या भीतीने, लोक प्लेगची गाठ आलेला माणूस लपवतात, आपली माणसंही. ओरडलास तर तो खोटंच सांगणार.

विषाच्या कपाटाची किल्ली मात्र कमरेलाच हवी. माझ्या हाताखालच्या एका पोराने कार्बोलिकची, म्हणजे जंतू मारायच्या विषारी औषधाची, बाटली पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली होती. मी त्याच्याकडून बाटलीवरची चिठ्ठी लिहवून घेतली, चिकटवली, दोनदा मोठ्याने वाचायला लावली. साहेबांकडे नेलं नाही. तिथे पगार कापला जातो, पोरगं शिकत नाही.

झाडूवाल्याला नावाने हाक मार. जेवणाची सुट्टी आधी त्याला.