पाळणाघराचे शुल्क अचानक वाढले, तर हरकत कशी नोंदवावी

मार्च संपता संपता पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक ओळ येते, ‘1 एप्रिलपासून मासिक शुल्क 5,000 ऐवजी 6,800 राहील, कृपया सहकार्य करावे,’ आणि वाळूजला पहिल्या पाळीसाठी पहाटेची बस पकडणाऱ्या आईचे किंवा बँकेत वर्षअखेरीच्या कामात बुडालेल्या वडिलांचे महिन्याचे गणित एका ओळीत कोलमडते. छत्रपती संभाजीनगरात दोन वर्षांपूर्वी हीच ओळ मला आली होती. अशा वेळी गटावर लगेच संतापाचे उत्तर टाकण्याचा मोह होतो, पण तो आवरावा, कारण उद्या सकाळी साडेआठला आपले लेकरू त्याच दारात सोडायचे असते आणि चारचौघांत अडचणीत आलेला माणूस हिशेब दाखवण्याऐवजी हट्टाला पेटतो.

पहिले काम घरातच करायचे आहे. प्रवेशाच्या वेळी भरलेला अर्ज, अनामत रकमेची पावती, दर ठरवताना आलेले संदेश आणि आजवर केलेल्या यूपीआय भरण्यांच्या नोंदी एकत्र कराव्यात. अर्जात तीन गोष्टी शोधाव्यात: दर कोणत्या मुदतीसाठी ठरला आहे, तो बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाने राखून ठेवला आहे का, आणि बदलापूर्वी किती दिवसांची सूचना द्यायची आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दोन्ही पक्षांत ठरलेल्या दरापेक्षा जास्त रक्कम आकारणे हे तक्रारीचे कारण ठरते. म्हणून महागाई, माणुसकी, इतर पाळणाघरांचे दर हे मुद्दे मागे ठेवून, काय ठरले होते आणि ते कशावरून सिद्ध होते, एवढ्यावरच आपली बाजू उभी करावी. ‘शुल्कात बदल करण्याचा अधिकार राखीव’ असे वाक्य अर्जात असेल तर आपली बाजू काहीशी लंगडी पडते, हे आधीच मान्य करावे. तरीही मागील महिन्यांचा फरक वसूल करण्याचा अर्थ त्या वाक्यातून निघत नाही, आणि पूर्वसूचना व कारण मागण्याचा आपला आग्रह कायम राहतो.

माझ्या अर्जात ‘जून ते मे’ असे स्पष्ट लिहिलेले होते, त्यामुळे एप्रिलपासूनची वाढ मुदतीआधीची ठरत होती. मात्र त्याच अर्जाच्या मागच्या बाजूला, सायंकाळी सहानंतर मूल थांबल्यास महिना 400 रुपये जादा, अशीही अट माझ्या सहीनिशी होती, आणि जानेवारीपासून माझा मुलगा पावणेसातपर्यंत थांबत होता. भांडायला जाण्यापूर्वी मागची बाजू वाचावी, हे मला तेव्हा कळले.

यानंतर संचालिकांकडे वाढीचा तपशील लेखी मागावा. पत्र छोटे आणि तारीखवार असावे. मी दिलेले पत्र साधारण असे होते:

‘मा. संचालिका यांस, स. न. वि. वि. माझ्या मुलाच्या प्रवेश अर्जानुसार जून ते मे या कालावधीसाठी मासिक शुल्क 5,000 रुपये ठरले आहे. सायंकाळच्या जादा वेळेचे 400 रुपये मला मान्य आहेत. उर्वरित 1,400 रुपयांच्या वाढीस माझी हरकत असून, तिची कारणे व हिशेब कृपया आठ दिवसांत लेखी कळवावा. तोपर्यंत मी 5,400 रुपये नियमित भरत राहीन. आपल्याकडे मुलाची चांगली काळजी घेतली जाते, त्याबद्दल तक्रार नाही. कळावे.’

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. दरम्यान, वाद नसलेली रक्कम ठरल्या तारखेला भरावी आणि यूपीआयच्या शेऱ्यात ‘एप्रिल, जुना दर, वाढीस हरकत’ असे लिहावे. संपूर्ण शुल्क अडवून धरणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यामुळे थकबाकीदार आपणच ठरतो. मूल काढून टाकतील अशी खरी भीती असेल तर पूर्ण रक्कम भरावी, परंतु ती हरकत राखून भरत असल्याचे त्याच दिवशी लेखी कळवावे.

हिशेब समोर आला की तो मुलांच्या संख्येने भागून पाहावा. आमच्या संचालिकाताईंनी टँकरच्या पावत्यांची वहीच पुढे ठेवली. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हा खर्च खोटा नसतो. महिन्याला आठ टँकर, प्रत्येकी 1,000 रुपये, म्हणजे 22 मुलांत प्रत्येकी सुमारे 364 रुपये झाले. नव्या मदतनीस बाईंचा 9,000 रुपये पगार प्रत्येकी 409 रुपयांवर आला आणि 18,000 रुपये भाड्यातील दहा टक्के वाढ प्रत्येकी अवघी 82 रुपये निघाली. बेरीज 855 रुपये झाली, म्हणजे 1,400 पैकी 545 रुपयांना कारणच नव्हते. ताई काही वेळ वहीची पाने उलटत राहिल्या आणि मग आकडा गोल केला होता, असे त्यांनीच सांगितले. शेवटी मे अखेरपर्यंत जुना दर, जूनपासून 5,500 रुपये आणि जादा वेळेचे 400 रुपये वेगळे, असे ठरले. पाण्याचे 350 रुपये मी एप्रिलपासूनच मान्य केले, पण टँकर बंद झाल्यावर ते थांबतील, हे लिहून घेतले. उन्हाळ्याचा खर्च बारमाही दरात मुरवला की तो पावसाळ्यातही सुटत नाही.

वाढीचे कारण म्हणून जीएसटी सांगितला गेला तर बिलावरचा नोंदणी क्रमांक पाहावा. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रात 27 ने सुरू होतो. नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला जीएसटी वसूल करता येत नाही. भरलेल्या रकमेची पावती न देणे हीदेखील कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे प्रत्येक महिन्याची पावती मागण्यात संकोच करू नये.

शाळांच्या शुल्कासाठी महाराष्ट्रात 2011 चा शुल्क विनियमन अधिनियम आहे आणि अनेक पालक त्याचाच दाखला देतात, परंतु पाळणाघर ही शाळा नसल्यामुळे तो मुद्दा तिथे टिकत नाही. इतर पालकांनाही हीच वाढ आली असेल तर तिघाचौघांनी एकत्र भेटावे, मात्र प्रत्येकाने आपापला अर्ज आधी तपासावा, कारण प्रवेशाचा महिना वेगळा असेल तर दराची मुदतही वेगळी असते. ज्यांच्या आस्थापनेत 50 किंवा अधिक कर्मचारी आहेत, त्यांनी मनुष्यबळ विभागाकडे पाळणाघराच्या सुविधेची चौकशीही करावी. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने ती जबाबदारी मालकावर टाकली असून, मोठ्या औद्योगिक वसाहतीतील कितीतरी माता ती मागतच नाहीत.

बोलणी फिसकटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही यंत्रणा समेटाचा प्रयत्न करते, निकाल देत नाही. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे जालन्यात राहून संभाजीनगरात मूल ठेवणाऱ्यालाही जालन्यातच दाद मागता येईल. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, सेवेसाठी दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील लावणे बंधनकारक नाही. अवाजवी अनामतीसारखी अटच अन्यायकारक करार म्हणून रद्द करून हवी असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते. महिना पाचशे रुपयांच्या फरकासाठी इतक्या पायऱ्या चढाव्यात का, हे प्रत्येकाने आपल्या सवडीप्रमाणे ठरवावे. अनामत अडकली असेल तर मी नक्की चढेन.

मूल काढायचेच ठरले तर अर्जात लिहिलेल्या मुदतीची सूचना लेखी द्यावी, त्या सूचनेतच अनामत परत मागावी आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंत अनामतीची मूळ पावती हातची सोडू नये. मागितलीच तर छायाप्रत द्यावी.